दंडावरचा शिक्का आणि सीमेची राखण

अंत्रुज महालातील आपापल्या कुलदेवतांच्या जत्रांस जाणारी भजक मंडळी तिसवाडीतून निघून बाणस्तारीचा पूल ओलांडतात, तेव्हा त्यांस आज कोणी काही विचारीत नाही. खाली कुंभारजुव्याची खाडी संथ वाहत असते. पूल मागे पडला की थोड्याच वेळात मंगेशी लागते, पुढे म्हार्दोळ, आणि त्याही पुढे फोंडे, कवळे, बांदिवडे. घरून निघालेला मनुष्य देवापाशी पोहोचला, एवढीच काय ती या प्रवासाची कथा. परंतु सुमारे सव्वाचारशे वर्षांपूर्वी याच बाणस्तारीच्या उतारावर माणसाच्या दंडावर शिक्का मारीत असत, आणि तो दाखविल्यावाचून त्याला परत घरी येता येत नसे.

ही हकीकत आम्ही पदरची सांगत नाही. यान हुइगेन व्हान लिन्सखोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिला. तेथील आर्चबिशपाच्या पदरी तो लेखनिक होता. पुढे मायदेशी परतल्यावर त्याने जो ग्रंथ लिहिला, त्यात गोव्याच्या बेटाभोवतालच्या उतारांचे वर्णन आहे. बाणस्तारी, दावजे, पणजी आदी ठिकाणी एकेक कप्तान व एकेक लेखनिक नेमलेला असे. गोव्यात घर करून राहणारे हिंदू आणि मुसलमान लोक जिन्नस आणण्यासाठी पलीकडच्या मुलखात जाऊ लागले की त्यांच्या उघड्या दंडावर छाप उठवीत. परतताना तोच छाप दाखवावयाचा, आणि त्याबद्दल बाजारूक नावाची दोन हलकी नाणी द्यावयाची. ही मिळकत कप्तान व लेखनिक यांची. अशी ही सीमेवरील देखरेखीची व्यवस्था होती. परवाना कागदावर नव्हे, माणसाच्या कातडीवर लिहिला जात असे.

लिन्सखोटेनने जिन्नसांपुरतेच लिहिले आहे. परंतु पलीकडे काय होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. १५१० मध्ये तिसवाडी आणि १५४३ मध्ये बारदेश व साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्यानंतर त्या शतकात तेथील देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश, वेर्ण्याची म्हाळसा, केळशीची शांतादुर्गा, लोटलीचा रामनाथ यांच्या मूर्ती खाडी ओलांडून अंत्रुजात आल्या. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराला नदीपलीकडील भतग्रामात आश्रय मिळाला, आणि तेथील स्थळाला जुन्या गावाचेच नार्वे हे नाव पडले. अनेक कुटुंबे देवांबरोबर गेली, अनेक मागे राहिली. जी मागे राहिली त्यांचे घर, शेत आणि व्यापार एका राजवटीत व देव दुसऱ्या राजवटीत, अशी स्थिती झाली. अशा लोकांना सीमेची रेषा ओलांडणे हे साहस नव्हते, कारस्थानही नव्हते. तो त्यांचा नित्यधर्म होता. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने मात्र पलीकडे जाऊन येणारा प्रत्येक मनुष्य संशयास पात्र ठरे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. एवढ्या कडक देखरेखीने राज्याची गुपिते राखली गेली काय?

उत्तर खुद्द लिन्सखोटेनच्याच चरित्रात आहे. आर्चबिशपाच्या घरी राहून त्याने पौर्वात्य समुद्रातील मार्ग, बंदरे, वारे, मालाचे भाव आणि पोर्तुगीजांची उणी अंगे यांची माहिती गोळा केली. पोर्तुगीज ही माहिती परकीयांपासून कसोशीने जपून ठेवीत. लिन्सखोटेनने १५९५ आणि १५९६ मध्ये ती छापून प्रसिद्ध केली. १५९५ मध्येच डचांचे पहिले आरमार पूर्वेकडे निघाले, आणि पुढील शतकात त्याच डचांनी गोव्याच्या बंदराची वर्षानुवर्षे नाकेबंदी केली. तांदूळ-नारळ आणावयास पलीकडे जाणाऱ्या गावकऱ्याच्या दंडावर शिक्का बसला. राज्याचा समुद्र परक्यांच्या हाती देणाऱ्या लेखनिकाचा दंड कोणी उघडून पाहिला नाही. तो धर्माने ख्रिस्ती होता, पोशाखाने युरोपीय होता आणि आर्चबिशपाच्या पदरी होता. एवढ्याने त्याच्याविषयीचा संशय फिटला होता. देखरेख करावयाची तर कोणत्या कसोटीने, या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले की काय घडते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस तरी आठवत नाही.

आता सीमेच्या दुसऱ्या बाजूस वळू. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर कुडाळ प्रांत शिवछत्रपतींच्या अमलाखाली आला आणि स्वराज्याची हद्द बारदेशास भिडली. तेव्हा सीमेच्या राखणीचा प्रश्न निराळ्याच रूपाने पुढे आला. कुडाळचे लखम सावंत, पेडण्याचे केशव नाईक आदी देसाई महाराजांच्या अमलास विरोध करून पोर्तुगीज हद्दीत आश्रयास गेले. तेथे ते स्वस्थ बसले असते तर गोष्ट वेगळी होती. परंतु बारदेशाच्या आश्रयाने ते स्वराज्याच्या मुलखास उपद्रव देऊ लागले. नोव्हेंबर १६६७ मध्ये महाराजांनी बारदेशावर स्वारी केली. त्या दोन-तीन दिवसांत तेथील प्रजेला फार सोसावे लागले, बायकामुलेही बंदिवान झाली, हे इतिहास लिहिणाऱ्याने लपविता कामा नये. लगेच डिसेंबरात तह झाला. महाराजांनी बंदिवान परत द्यावे. देसायांनी गोव्याच्या हद्दीतून उपद्रव करू नये, केल्यास त्यांना हद्दीबाहेर काढावे. दोन्हीकडील व्यापाऱ्यांची ये-जा मोकळी असावी, असा त्याचा मथितार्थ होता.

हा तह आमच्या मते त्या काळच्या सीमानीतीचा एक चांगला नमुना आहे. उभय राज्यांचे परस्परांवर प्रेम नव्हते. विश्वास तर त्याहून नव्हता. तरीही आपल्या हद्दीतून शेजाऱ्यास उपद्रव होत असेल तर त्याची जबाबदारी आपली, हे तत्त्व उभयतांनी मान्य केले, आणि त्याच वेळी व्यापाऱ्याची वाट बंद केली नाही. उपद्रव करणारा आणि पोटासाठी जाणारा या दोघांमधील भेद त्यात राखला आहे. दंडावरच्या शिक्क्याच्या व्यवस्थेत नेमका तोच भेद नव्हता.

या बोलाचालीत पोर्तुगीजांच्या बाजूने जी नावे आढळतात त्यांत रामोजी शेणवी कोठारी हे एक आहे. हे नाव वाचून आमचे वाचक क्षणभर थांबतील. हिंदूंना राज्याच्या नोकऱ्या देऊ नयेत असे हुकूम वारंवार सुटत असताही, शेजारच्या दरबारांशी बोलणे करावयाचे, मोडीतील पत्रे वाचून अर्थ सांगावयाचा, पलीकडची बातमी आणावयाची, या कामी गोव्याच्या सरकारला पिढ्यान् पिढ्या हिंदू दुभाष्यांवर आणि वकिलांवर विसंबून राहावे लागले. डॉ. पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर यांनी १९५२ मध्ये पोर्तुगीज राजनीतीच्या या हिंदी हस्तकांवर एक मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. तो चाळताना ध्यानात येते की ज्या समाजाच्या माणसांस उतारावर थांबवीत, त्याच समाजाच्या माणसांस वाड्यात बोलावून सल्ला विचारीत. सीमेपलीकडे ज्याचे कोणी नाही, त्याला पलीकडची बातमी कळणार कशी? ज्या नात्यांमुळे या लोकांचा संशय येई, त्याच नात्यांमुळे त्यांचा उपयोग होई.

पुढल्याच वर्षी, १६६८ च्या पावसाळ्यानंतर, माहितीच्या जोरावर सीमा राखल्याची एक गोष्ट घडली, आणि या खेपेस डाव पोर्तुगीजांच्या हाती लागला. मुंबईकर इंग्रजांच्या त्या काळच्या पत्रव्यवहारात ती नमूद आहे. महाराजांची चार-पाचशे माणसे निरनिराळ्या निमित्तांनी थोडी थोडी करून गोवे शहरात शिरली होती. योग्य वेळी त्यांनी उठावे आणि शहराची वाट मोकळी करावी, असा बेत होता. व्हाइसरॉय कोंद द साव्ह व्हिसेंत यास सुगावा लागला. त्याने ती माणसे धरून शहराबाहेर घालविली. बेत फसला. हाच व्हाइसरॉय नोव्हेंबरच्या आरंभी मरण पावला, आणि त्यानंतर आठवड्याभरातच, १३ नोव्हेंबर १६६८ रोजी, महाराजांच्या आज्ञेवरून नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वराच्या देवालयाचे काम सुरू झाले. शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, ही तिथी देवळाच्या दारावरील शिलालेखात कोरलेली आहे. शहर हाती आले नाही. परंतु सीमेच्या अगदी काठावर, दिवाडीवरून निर्वासित झालेल्या देवाला पक्के घर मिळाले. दिवाडीच्या भाविकांना त्या एका देवळाने जो दिलासा दिला असेल, त्याची किंमत एखाद्या किल्ल्याहून कमी मानण्याचे कारण नाही.

सीमेची माहिती म्हणजे केवळ फौजेची माहिती, असे महाराजांनी कधी मानले नाही. डिसेंबर १६७१ मध्ये कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस गेलेले एक पत्र उपलब्ध आहे. विषय आहे मिठाचा. बारदेशात मीठ स्वस्त, संगमेश्वराकडे महाग. तेव्हा उदमी सारे बारदेशाकडे वळतील आणि आपल्या मिठागरांचा धंदा बसेल, हे ओळखून बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवावी की ते संगमेश्वरच्या मिठाच्या भावास येऊन पडेल, असा तो हुकूम आहे. शेजारच्या मुलखात मीठ कोणत्या भावाने विकते हे राजाला ठाऊक असणे, ही सीमेच्या राखणीतील फार वरच्या प्रतीची गोष्ट होय. ही बातमी हेरांनीच आणली असेल असेही नाही. जकातीच्या नाक्यावरचा कारकून, बैलांचे तांडे हाकणारा लमाण, बाजारचा उदमी यांच्याशी ज्याचे बोलणे असते त्याला हे आपोआप कळते.

आणि बातमी आणणाऱ्यावर किंवा नाके राखणाऱ्यावर देखरेख कोणाची? त्याचेही उत्तर स्वराज्याच्या कारभारात आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे समान दर्जाचे अधिकारी नेमीत आणि तिघांनी एकविचारे कारभार करावा असा दंडक होता, असे सभासद सांगतो. एकाने फितूर व्हावे म्हटले तरी दुसऱ्या दोघांच्या नजरेतून ते सुटू नये, ही त्यातील मेख. पुढे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर टोपीकर व्यापाऱ्यांविषयी स्पष्ट धोरण सांगितले आहे. फिरंगी, इंग्रज, वलंदेज इत्यादी इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, जागा मिळाली की ते ती बळकावून बसतात. म्हणून त्यांस समुद्रकिनारी जागा देऊ नये, वखारीस ठिकाण द्यावे ते आतल्या बाजूस, बळकट इमारत बांधू देऊ नये, असा त्याचा आशय. व्यापार बंद करा असे अमात्य म्हणत नाहीत. सावकार हे राज्याची शोभा, असे तेच म्हणतात. वाट मोकळी ठेवावी आणि नजरही ठेवावी, हा त्यांच्या उपदेशाचा गाभा. ही नजर माणसाच्या जातीवर अथवा देवावर नव्हे, त्याच्या हेतूवर व सामर्थ्यावर ठेवावयाची आहे.

अमात्यांच्या ग्रंथापूर्वी तीन दशके, छत्रपती संभाजीराजांच्या काळात, खोट्या बातमीने सीमा कशी ढासळते हे गोव्याच्या सरकारने अनुभविले होते. १६८३ च्या पावसाळ्यानंतर व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्यास वेढा घातला. मनुची नावाचा व्हेनिसचा प्रवासी त्या वेळी गोव्यात होता, आणि पुढे वकील म्हणून संभाजीराजांकडेही जाऊन आला. तो लिहितो की फोंड्यात मोठा खजिना आहे ही बातमी संभाजीराजांच्याच माणसांनी व्हाइसरॉयाच्या कानी घातली होती. लोभाने कान उघडले की बातमी पारखण्याची शक्ती नाहीशी होते. संभाजीराजे चालून येताच वेढा उठला, फौज कशीबशी खाडीपार झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस मराठ्यांनी रात्री जुवे बेटावरील कोट घेतला, आणि तो परत मिळविण्यास गेलेला व्हाइसरॉय स्वतः जखमी झाला. पुढे शहाजादा शहाआलमची मोगली फौज कोकणात उतरली नसती तर गोव्याचे काय झाले असते, हे सांगणे कठीण आहे.

या संकटातून वाचलेल्या राज्याने कोणता धडा घेतला? आमच्या वाचकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. २७ जून १६८४ रोजी याच व्हाइसरॉयाने फर्मान काढले की गोव्यातील लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. ज्या कोंकणीत घराघरांतून बोलणे चाले, ती बंद व्हावयाची होती. धर्मगुरूंस लोकांशी व्यवहार करणे सोपे जावे, हे त्यास एक कारण होते. परंतु सीमेच्या दृष्टीने पाहता याहून आत्मघातकी हुकूम सुचणे अवघड आहे. पलीकडून येणारी पत्रे मराठीत, उतारावर कानी पडणारी कुजबूज कोंकणीत, आणि दोहोंचा अर्थ सांगणारे दुभाषी त्याच भाषांत वाढलेले. भाषा मारली असती तर राज्याचे कानच गेले असते. फर्मान निघाले खरे. परंतु भाषा मेली नाही. घरांतून आणि शेतांतून कोंकणी बोलली गेली, देवळांतून मराठी कीर्तने-पुराणे चालली, आणि दुभाष्यांच्या कचेरीत मोडीचे वाचन चालूच राहिले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १७६३ मध्ये सोंदेकरांचे फोंडे पोर्तुगीजांकडे गेले. १७८८ पर्यंत डिचोली, सत्तरी, पेडणे हेही महाल गेले. बाणस्तारीच्या उतारावरची सीमा डोंगरांपर्यंत सरकली. यावेळी मात्र नव्या प्रजेच्या देवांना हात लावावयाचा नाही, असे वचन देण्याचा शहाणपणा राज्यकर्त्यांनी दाखविला. सोळाव्या शतकात घर आणि देव यांच्यामध्ये पडलेली रेषा अशा रीतीने दोन शतकांनी पुसली गेली.

माहितीचे आणखी एक अंग सांगावयाचे राहिले, ते म्हणजे दप्तर. गोव्याच्या सरकारने १५९५ पासून दप्तरखाना ठेवला आणि शेजारच्या राजांशी झालेला पत्रव्यवहार निराळ्या वह्यांत जपला. पुण्यासही पेशव्यांचे दप्तर राहिले. १७७९ मध्ये पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह होऊन दमणजवळच्या काही गावांचा वसूल पोर्तुगीजांस तोडून देण्यात आला. त्या सुमारास पुणे दरबारी पोर्तुगीजांचे काम पाहणारे नारायण विठ्ठल धुमे हेही गोव्याचेच शेणवी गृहस्थ. ही गावे म्हणजेच दादरा व नगरहवेली. १९५४ मध्ये ती मुक्त झाल्यावर पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला, आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे मराठी कागद जगाच्या न्यायासनापुढे वाचले गेले. मराठ्यांनी दिला होता तो केवळ महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे, असा अर्थ न्यायालयाने १२ एप्रिल १९६० च्या निकालात मान्य केला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट आहे. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नाही. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असे न्यायालयाने म्हटले. साधा प्रवासी आणि हत्यारबंद शिपाई यांत भेद करणारा हा निर्णय वाचताना आम्हांस १६६७ च्या तहातील व्यापाऱ्यांच्या मोकळ्या वाटेची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

त्याच वर्षांत गोव्याच्या सीमेवर मात्र वाट मोकळी नव्हती. ऑगस्ट १९५५ मध्ये निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर भारताने सीमा बंद केली, आगगाडी थांबली, आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ये-जा परवान्यांवर अवलंबून राहिली. राष्ट्राच्या दृष्टीने ते प्राप्तच होते, याविषयी आमचे दुमत नाही. तथापि मुंबई, बेळगाव, कारवार येथे राहणाऱ्या ज्या वृद्ध भजकांना त्या काळात आपल्या कुलदेवतेचे दर्शन दुर्मिळ झाले, त्यांनी दंडावरचा शिक्का पुन्हा एकदा सोसला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सीमा राखणे हे राज्याचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी माहिती हवी, नजर हवी, शेजाऱ्यांशी माहितीची देवघेवही हवी. यास कोण नाही म्हणेल? परंतु वरील इतिहास आम्हांस एवढेच सांगतो की सीमेवरची खरी माहिती सीमेवरच्या माणसांपाशी असते. त्यांचे घर एकीकडे, देव दुसरीकडे आणि सोयरीक तिसरीकडे असते, हा त्यांचा अपराध नव्हे. ज्या राज्याने हे ओळखून त्यांची वाट मोकळी ठेवली, त्याला मिठाचा भावसुद्धा कळला. ज्याने त्यांच्या दंडावर शिक्के मारले आणि त्यांची भाषा तोडू पाहिली, त्याला घरातला लिन्सखोटेन ओळखता आला नाही.

बाणस्तारीच्या पुलावरून पुढल्या जत्रेस जाताना भजकांनी क्षणभर खाडीकडे पाहावे. आपले पूर्वज या पाण्यातून शिक्का घेऊन गेले आणि शिक्का घेऊन परतले, तरी त्यांनी देव सोडला नाही आणि भाषाही सोडली नाही. त्यांचे स्मरण करून पुढची वाट चालावी.